कुंभार्ली घाटातील एक तास

वाशिष्ठीकाठचे चिपळूण मागे पडले, की कऱ्हाडचा रस्ता पोफळीपाशी सह्याद्रीला भिडतो. येथील डोंगराच्या पोटात कोयना प्रकल्पाचे भूमिगत वीजगृह आहे. घाटमाथ्यापलीकडचे पाणी बोगद्यांतून खाली उतरते आणि वीज देऊन जाते. त्याच डोंगराच्या अंगावरून कुंभार्ली घाट वर चढतो. पाणी उतरताना जी शक्ती देते, ती चढताना वाहनाला मोजावी लागते.

वैशाखातल्या एका दुपारी चिपळूणचे एक धान्यव्यापारी आपल्या मुलासह या वाटेने निघाले होते. गाडी आजोबांच्या काळातली, फोर व्हील ड्राइव्हची डिझेल जीप. सपाटीवर स्थिर असलेला तापमानाचा काटा चढ लागताच लाल रेषेकडे सरकू लागला.

"पप्पा, माथा जवळच आहे. रेटू या का?"

"नको रे. आधी थांब."

गाडी कडेला लागली. बॉनेट उघडताच मुलाचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला. वडिलांनी तो धरला. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण होता. तरुणपणी असेच झाकण उघडल्याची ती खूण. बंद झाकणाखाली पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण सैल होताच ते वाफेसह उसळते. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले, तर धातूला तडा जाण्याचे भय.

इंजिन निवेपर्यंत तपास सुरू झाला. जाड फडके धरून पाहिले, तर वरचा व खालचा दोन्ही होजपाइप गरम. म्हणजे थर्मोस्टॅट उघडत होता, पाणी फिरत होते. ऑइलच्या पट्टीवर दुधाळपणा नव्हता, म्हणजे तेलात पाणी उतरलेले नव्हते. मग फॅनबेल्ट अंगठ्याने दाबला. अर्धा इंच दबावा, तो इंचाहून अधिक दबला. कडाही झिजून चकचकीत झालेल्या. रेडिएटरच्या जाळीत गतपावसाळ्याचा चिखल वाळून बसला होता.

उलगडा झाला. सपाटीवर समोरचा वाराच रेडिएटर गार ठेवी. घाटात गती मंदावली, की सारा भार पंख्यावर; आणि तो फिरवणारा बेल्टच घसरत होता. पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर.

मुलाने पान्याने अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून बेल्ट ताणला. वडिलांनी मऊ ब्रशने जाळी झाडली. तासाभराने झाकण हाताला गार लागले, तेव्हा ते जपून उघडून कमी झालेले पाणी भरले. मग खालच्या गिअरमध्ये, एका लयीत जीप निघाली. काटा मध्यावर राहिला.

माथा ओलांडल्यावर हेळवाकपाशी कोयनेचे खोरे उघडले. पुढे पाटण, मग कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे कऱ्हाड. तेथे नवा बेल्ट, नवे कूलंट आणि रेडिएटरची आतून सफाई झाली. रात्री मुलाने तो खर्च वहीत मांडला. वडिलांनी पाहिले, आणि शेजारी आपल्या हाताने लिहिले : 'इंजिन वाचले.'