पारण्यातील विवेक

मासक्षमणाचे तीस उपवास पूर्ण झाले, की घरातील प्रत्येकाला तपस्वींच्या मुखी गोड घास घालावासा वाटतो. दीर्घ उपवासानंतर एकाएकी गोड, पिष्टमय आहार गेला, तर इन्शुलिन वाढते; रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम पेशींत ओढले जाते; हृदयाची लय बिघडते, प्रसंगी प्राणावर बेतते. दुसऱ्या महायुद्धातील उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांत डॉक्टरांनी हेच पाहिले. अशक्तपणावर लावलेली ग्लुकोजची बाटलीसुद्धा, आधी थायमिन न दिल्यास, मेंदूला इजा करू शकते. तोल जातो, एकाचे दोन दिसतात, भान हरपते. म्हणून पारणे वैद्यकीय सल्ल्याने व्हावे, थोड्याशा मुगाच्या पाण्याने आरंभावे, आहार दिवसांगणिक वाढवावा. रुग्णालयात जावे लागले, तर उपवासांची संख्या सर्वांत आधी सांगावी.