पगारातली कपात

माझं शिक्षण आईच्या मजुरीवर झालं. पण त्या मजुरीत मुंबईतल्या अनोळखी नोकरदारांचाही वाटा होता, आणि ते ऋण कुणाच्या नावावर मांडावं हे मला कधी कळलं नाही. 1975 साली महाराष्ट्रात पगारावर व्यवसाय कर बसला, तो रोजगार हमी योजनेसाठी. ती कापलेली रक्कम आमच्या माण तालुक्यात पाझर तलावाच्या मस्टरवर उतरायची.

योजनेची कल्पना वि. स. पाग्यांची. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला: मागेल त्याला 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात मुकादम माप मारायचा, पगार थकायचा, केलेला रस्ता पहिल्या पावसात ओढ्यात जायचा.

तरीही एक गोष्ट बदलली. खुरपणीला बाया ठरवायला बागायतदार दारात यायचे आणि देतील तो भाव घ्यावा लागायचा. हमीचं काम निघाल्यावर आई चुलीपुढून न उठताच सांगायची, "एवढ्यात न्हाय जमायचं. हमीवर जाती मी." पुढच्या खेपेला भाव वाढलेला असायचा. (बागायती जमिनीवरही हमीसाठी जादा आकार होता, म्हणजे आईच्या नकाराला त्यांचाही थोडा हातभार!)

कॉलेजात मजुरी मागणी-पुरवठ्याने ठरते असं शिकवलं. किमान वेतनाने बेकारी वाढते, हे मिल्टन फ्रीडमनचं म्हणणंही तिथेच ऐकलं. फळ्यावरच्या आलेखात मजूर भाव पटेपर्यंत थांबू शकत होता. आमच्या घरात संध्याकाळच्या पिठाची सोय होईपर्यंतसुद्धा थांबता येत नव्हतं. एका सरांनी कार्ल पोलान्यी हातात दिला. श्रम हा विकण्यासाठी तयार झालेला मालच नव्हे, हे त्याने 1944 मध्ये लिहून ठेवलं होतं. त्या सरांचंही देणं आहेच.

1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतर अशा योजना म्हणजे उधळपट्टी, हे फार शहाणपणाने बोललं जाऊ लागलं. 2005 मध्ये रोजगार हमीचा कायदा देशभरासाठी झाला, तरी ते बोलणं थांबलं नाही.

पुढे माझ्याही पगारातून महिन्याला 200 रुपये कापले जाऊ लागले. त्यातले सगळे हमीपर्यंत पोचत नाहीत, याचा रागही येई. शेजारच्या टेबलावरचा तरुण सहकारी एकदा या कपातीवर कुरकुरला, तेव्हा त्याला आईचा हिशेब सांगितला. तो हसून म्हणाला, "आमचे बाबा लालबागच्या गिरणीत क्लार्क होते. म्हणजे तुमची फी त्यांनी भरली की!"