फोडणी तूच घाल

माझ्या थोरल्या जाऊबाई मुलताईच्या, तापीच्या उगमाकडच्या. मी त्यांना ताई म्हणते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं निदान झालं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "हिनं जेवायचं काय?" या आजाराला थोपवेल असा आहार अजून सिद्ध झालेला नाही, सकस आणि बेताचं खावं, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं.

भोपाळच्या मिसरोदमधल्या आमच्या घरी मात्र सल्ल्यांची रीघ लागली. कुणी गहू सोडायला सांगितला, कुणी दूध, तर कुणी उपास धरायला. माँट्रियलमध्ये डॉ. रॉय स्वँक यांनी गेल्या शतकाच्या मध्याला सुचवलेला कमी स्निग्धांशाचा आहार आजही लोक सांगतात. त्याचा पक्का पुरावा अजून मिळालेला नाही. ताईंचा निकाल एका वाक्याचा होता, "जे खाऊन अंगातलं बळ जाईल, ते पथ्य कशाचं?" शरबती गव्हाच्या या मुलखात त्यांनी पोळी बंद होऊ दिली नाही, फक्त पीठ चाळणं थांबवलं.

या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. मेंदूचे निरोप वाटेत अडखळतात, हातातून झारा सुटतो आणि दुपारपर्यंत असा थकवा येतो की कांदा चिरणंही नको होतं. काय खावं हे ठाऊक असतं, पण ते करायला अंगात त्राण नसतं. मग माणूस चहा-टोस्टवर वेळ मारून नेतो. ताईंनी हे कुठलंही पुस्तक न वाचता ओळखलं.

त्यात उन्हाळा. अंगाचं तापमान जरासं वाढलं तरी नजर अंधुक होते, पाय जड होतात. विल्हेल्म उथोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं हे १८९० मध्येच नोंदवलं होतं. भोपाळचा मे महिना चाळिशी ओलांडतो, आणि वर गॅसची धग. ताईंनी स्वयंपाक उजाडायच्या आत उरकायचा नेम केला, ओट्याशी उंच स्टूल आणलं, जड भांडी माळ्यावर टाकली. दुपारी आमच्याकडे शेगडी पेटत नसे.

पाण्याचं त्यांनी फार मनावर घेतलं. लघवीला सारखं जावं लागेल या धास्तीनं मी पाणी टाळायची. त्यातून बद्धकोष्ठता वाढते, मूत्रमार्गाला संसर्ग होतो, आणि ताप आला की साऱ्या तक्रारी एकदम उसळतात. ताई तांब्या भरून जवळ ठेवत आणि घोट घोट प्यायला लावत. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, मेथी, पातळ ताक हे रोजचं. माहेरहून जवस यायचं, त्याची लसूण घातलेली चटणी. त्यात ओमेगा-३ असतं हे मला नंतर कळलं. त्या ती चवीसाठी करत. स्टेरॉइडच्या दिवसांत भूक खवळायची, तेव्हा त्या साखर-मीठ आवरत आणि दही, तीळ वाढवत. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र रक्त तपासून डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच.

पण माझ्यावरचं खरं ऋण याहून मोठं आहे. ताईंना सगळा स्वयंपाक आपल्या हाती घेता आला असता. लोकांनी वाखाणलंच असतं आणि मी पाहुणीसारखी बसून जेवले असते. त्या भाज्या चिरून ठेवत, कणीक मळून ठेवत आणि म्हणत, "फोडणी तूच घाल." माझी बोटं मोहरी सांडत, त्या ओट्याकडे पाठ करून ताटं मांडत. हात अगदीच चालत नसे त्या दिवशी त्या न बोलता उरलेलं करून टाकत, आणि दुसऱ्या दिवशी मोहरीचा डबा पुन्हा माझ्यापुढे येई. २०१६ च्या कायद्यानं हा आजार दिव्यांगत्वाच्या यादीत आला, तेव्हा मला हायसं वाटलं. घरातली माझी जागा ताईंनी त्याआधीच शाबूत ठेवली होती.

यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलताईहून जवस आलं, ते मीच भाजलं, पहाटे, स्टुलावर बसून, आणि मिक्सरमधून काढलं. मीठ किती ते त्यांनी पलंगावरून सांगितलं. लसूण मी माझ्या मनानं जास्त घातला, आणि तो त्यांना आवडला.