आई, आज चालू नकोस

डॉक्टर म्हणाले, "आजी, जरा चालून दाखवा," आणि आई चालली. झालं एवढंच. पण अजून रात्री जाग आली की ते आठवतं आणि नक्की कोणावर चिडावं ते कळत नाही.

2022 च्या दिवाळीनंतर आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा वाचली. आयसीयू, फिजिओथेरपी, तेल-मालिश, गावोगावचे सल्ले, सगळं झालं, ते काही वेगळं सांगायला नको. वडील आधीच गेलेले, त्यांचं किराणा दुकान होतं, म्हणजे पेन्शनचा प्रश्नच नाही. आई माझ्याकडे. दिवसा एक बाई येते, महिन्याला चौदा हजार घेते. रात्रपाळी माझी.

2024 च्या डिसेंबरात ऑफिसात गुंतवणुकीचे पुरावे मागत होते तेव्हा अकाउंट्समधला मुलगा म्हणाला, "मॅडम, आई तुमच्यावर अवलंबून आहेत ना? 80डीडी का घेत नाही?" घरात 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेलं अवलंबून माणूस असेल तर करपात्र उत्पन्नातून 75,000 रुपयांची सरसकट वजावट, 80 टक्के असेल तर 1,25,000. प्रत्यक्ष खर्च किती झाला ते विचारत नाहीत. दाखला मात्र सरकारी वैद्यकीय मंडळाचा हवा. माझा हिशोब सरळ होता. मी वीस टक्क्यांच्या गटात, म्हणजे साधारण पंधरा हजार वाचणार. बाईचा एक महिना सुटला.

बाकी योजना तोवर माझ्या धुंडाळून झाल्या होत्या. श्रावणबाळ योजनेला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत लागतं. वर्षाचं, महिन्याचं नव्हे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साहित्यासाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात, तिथे मर्यादा दोन लाखांची, म्हणजे तिथूनही आम्ही बाहेर. एसटी 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून फुकट आहे, पण एसटीची पहिली पायरी आईच्या गुडघ्याएवढी. फुकट तिकीट घेऊन ती फलाटावर उभी राहणार.

अर्ज ज्या पोर्टलवर करायचा त्याचं नाव 'स्वावलंबन'. जिला कूस बदलायला माणूस लागतं तिचा अर्ज मी स्वावलंबनावर भरला. फोटोसाठी आईने बाईकडून केस विंचरून घेतले आणि हसली.

बोलावणं आलं जानेवारीत, बुधवारचं. जिल्ह्याचं रुग्णालय आमच्यापासून साठ किलोमीटर. पहाटे पाचला व्हॅन ठरवली. आदल्या रात्री आई म्हणाली, इरकल काढ. मी म्हटलं, अगं गाऊन बरा, डायपर बदलायला सोपं पडतं. "चार लोकांत काय ध्यान होऊन जायचं?" मग इरकल, अंबाडा आणि कुंकवाऐवजी ती लावते ती बारीक काळी टिकली.

रॅम्पवर मोटारसायकली लावलेल्या. व्हीलचेअर एकच, तिला पाय ठेवायची पट्टी नाही, म्हणून आईचा उजवा पाय मी हातात धरून चालले. केसपेपरची रांग, टोकनची रांग, मग व्हरांड्यातलं बाकडं. पोलिओची तरुण मुलं, पाय कापलेला एक ऊसतोड कामगार, एका बाईच्या मांडीवर डोकं सावरता न येणारं पोर. आई सगळ्यांकडे बघत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मला कशाला आणलंस यांच्यात?" शिपायाने पुकारलं, "अपंगवाले पुढे या." महाराष्ट्राने 2022 च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, पण शब्द व्हरांड्यापर्यंत पोचायचा होता. आई जागची हलेना. मी ढकललं तेव्हा आत गेली.

डॉक्टर तरुण होता. उर्मट नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत डॉक्टर उर्मट असला की सगळं सोपं होतं. त्याने कागद पाहिले, बोटं दाबायला सांगितली. आईने दात आवळून दाबली. हात वर करा म्हटल्यावर खांद्यापर्यंत नेला, घरी छातीपर्यंतसुद्धा जात नाही. मग तो म्हणाला, जरा चालून दाखवा.

घरी पलंगापासून न्हाणीपर्यंत सात पावलं आहेत. बाईने काखेत धरून, चौपायी काठी पुढे सरकवत, मध्ये खुर्चीवर टेकत जायला पाव तास लागतो. तिथे आईने माझा हात सोडवून घेतला. काठीही घेतली नाही. पाय फरफटवत, खांदा झुकवत, पण चालली. दारापर्यंत गेली, चौकटीला धरून वळली आणि परत आली. मी मोजली, अकरा पावलं. खुर्चीत बसताना पडल्यासारखी बसली आणि डॉक्टरकडे बघून म्हणाली, "येतंय की!"

"वा आजी," डॉक्टर म्हणाला. रांगेतलं कोणीतरी हसून म्हणालं, आजी ठणठणीत आहेत.

मी बोलायला लागले, डॉक्टर, घरी असं नसतं, रात्री चार वेळा उठवावं लागतं, घास भरवावा लागतो, डावा हात कामाचा नाही... अहो, चुकून डावा म्हणाले. उजवा. त्याने मान वर केली. मला लाज वाटली, जणू खोटं बोलताना सापडले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मला जे दिसतं तेच लिहावं लागतं."

व्हॅनमध्ये बसवेपर्यंत आईचा पाय थरथरत होता. लुगडं भिजलं होतं. पुढचे दोन दिवस ती उठली नाही. आणि मी त्या व्हॅनमध्ये, भिजलेल्या बाईला, आयुष्यात कधी बोलले नाही असं बोलले. नाटकं करायला कोणी सांगितलं होतं? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला काय धाड भरलीय? परक्यापुढं लंगडून दाखवू?"

36 टक्के. कार्ड आलं ते पांढरं. 2024 च्या नव्या नियमांनी कार्डांना रंग दिलेत. 40 च्या खाली पांढरं, 40 पासून 80 च्या आत पिवळं, 80 पासून निळं. आमचं चार टक्क्यांनी हुकलं.

यावर मी पुष्कळ विचार केलाय, आणि माझं म्हणणं असं की तपासणीत प्रश्नच चुकीचा विचारतात. एकदा जमतं का, हे विचारतात. दिवसातून दहादा जमतं का, आणि जमल्यावर दोन दिवस झोपून राहावं लागतं का, हे कोण विचारणार? माणूस सकाळी अकराला तपासतात, आणि त्याचं आजारपण असतं रात्री दोनला. ज्यांना जायचंय त्यांनी मोबाइलवर घरातले व्हिडिओ काढून न्यावेत, किती वेळा उठवलं, काय भरवलं याची महिनाभर वही ठेवावी, एमआरआय आणि डिस्चार्ज कार्डाच्या प्रती वेगळ्या लावाव्यात. आणि निर्णय पटला नाही तर नव्वद दिवसांत अपील करता येतं. हे तिथे कोणी सांगत नाही, मला रुग्णालयाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं.

सांभाळणाऱ्याचं तर नावच नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता असा शब्द आहे. केरळ सरकार अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना 600 रुपयांची योजना चालवतं. सहाशेत काय येतं म्हणून हसू नका. रात्री दोनला चादर बदलणारं कोणीतरी असतं, हे त्यात मान्य केलेलं आहे. केंद्राच्या नोकरीत मुलांच्या संगोपनासाठी बायकांना 730 दिवसांची रजा मिळते. माझी खाजगी नोकरी, तिथे आईसाठी मी बिनपगारी राहिले.

आणि तरी खरं सांगायचं तर 2024 च्या जुलैत बनावट दिव्यांग दाखल्यांच्या बातम्या रोज येत होत्या, तेव्हा पेपर वाचून मीच म्हणत होते की तपासणी अजून कडक करायला हवी. त्या डॉक्टरने तेच केलं.

अपील केलं. बोलावणं यायला सप्टेंबरअखेर उजाडली. तोवर मी रोज संध्याकाळी आईला शिकवत होते. आई, ते म्हणाले चाला, तर म्हणायचं येत नाही. हात दाबू नकोस, नुसता ठेव. आई, तिथे चालू नकोस. मला चालायला शिकवलेल्या बाईला मी हे शिकवत होते आणि ती चिडत होती, मग चिडायची थांबली. या वेळी इरकल मागितली नाही. गाऊनवर शाल घेऊन आली.

तीन डॉक्टर होते. त्यांनी उठायला सांगितलं. आई म्हणाली, "येत नाही." चालायला सांगितलं. "येत नाही." आवाज असा की मीच दचकले. शिकवल्याप्रमाणे म्हणत होती की खरंच येत नव्हतं, मला कळलं नाही, आजही कळत नाही. जाताना सगळा वेळ गप्प होती, येतानाही. 63 टक्के.

त्यानंतर न्हाणीपर्यंतची सात पावलं बंद झाली. बेडपॅन घेतलं. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, वय आहे, थंडीचं असं होतं, दुसरा बारीक झटकाही येऊन गेला असेल. असेल. बाई म्हणते, आजींनी मनच सोडलंय. मी बाईला गप्प केलं.

नोव्हेंबरात पिवळं कार्ड आलं. मी करसल्लागाराकडे घेऊन गेले. त्याने बघितलं आणि म्हणाला, ताई, यंदा नवी करपद्धत घ्या, बारा लाखांपर्यंत करच लागत नाही, तुमचा पगार त्याच्या आत आहे. मग 80डीडी? नव्या पद्धतीत ती वजावट नाहीच, आणि वजा कशातून करणार, कर शून्य आहे. मागच्या वर्षाचं विवरणपत्र भरून झालं होतं. म्हणजे तोटा काहीच नाही, उलट फायदाच, असं तो दोनदा म्हणाला. रेल्वेची सवलत आहे, सोबत जाणाऱ्यालाही मिळते, पण रेल्वेला त्यांच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. त्यासाठी पुन्हा सरकारी डॉक्टर. मी तो केला नाही. जाणार कुठे?

कार्ड आईच्या हातात दिलं. तिने चष्मा मागितला. 63 चा आकडा तिने वाचला की नाही माहीत नाही. स्वावलंबनावर चढवलेला तोच फोटो आहे, विंचरलेले केस, टिकली, हसू. बराच वेळ बघून म्हणाली, "फोटो बरा आलाय," आणि कार्ड उशीखाली ठेवून दिलं.