पलीकडची मळी

आमचे रान सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या वळणावर होते. ‘होते’ म्हणतो, कारण त्यातले वीसेक गुंठे आता नदीत आहेत.

आबांच्या मते ते नदीने नेलेच नव्हते. समोरच्या काठावरच्या शेतकऱ्याने नेले होते. पूर ओसरला, की आमच्या काठाची दरड धबकन् कोसळायची आणि पलीकडे त्याची मळी हातभर पुढे सरकायची. “माझी माती त्येच्या रानात वांगी पिकवती,” असे आबा म्हणायचे. २००५ च्या महापुरानंतर तर दोन घरांत लग्नाची पत्रिकासुद्धा येईना-जाईना.

कॉलेजात भूगोलाच्या सरांनी नदीचे वळण शिकवले, ते चहाच्या ग्लासात. न गाळलेला चहा चमच्याने गरगर फिरवला. मला वाटले, पत्ती कडेला फेकली जाईल. ती तर तळाशी मधोमध गोळा झाली! आइन्स्टाइनने १९२६ साली नदीच्या वळणांवर लेख लिहिला, त्यात हेच उदाहरण दिले होते. (कला शाखेच्या आमच्या वर्गात तो बहुधा प्रथमच आला असावा.) तळाला घासणारे पाणी मंदावते. वरचे वेगवान पाणी वळणावर बाहेरच्या काठाला धडकते, तिथेच खाली बुडी मारते, काठाचे बूड खरवडते आणि तळातली वाळू ओढत आतल्या काठाकडे निघते. म्हणून बाहेर डोह आणि आत मळी. शिवाय पूर असतो तोवर पाणीच काठाला टेका देते. तो उतरला, की भिजून जड झालेली काळी माती बसते.

सर पुढे जे बोलले, ते ऐकून मी वहीत लिहायचा थांबलो. खचलेली माती बहुतेक समोर जातच नाही. ती खालच्या वळणावर, आपल्याच काठाला लागते. म्हणजे पलीकडची वांगी वरच्या कुणाच्या तरी मातीत पिकत होती, आणि आमची माती खाली कुणाला तरी पावली होती.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आबांपुढे चहा फिरवला. ते बराच वेळ पत्तीकडे बघत राहिले.

“मग हे थांबवायचं कसं?”

“झाडांची मुळं माती धरून ठेवतात, असं सर म्हणाले.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. आमच्या काठावर करंज होते, दोन जांभळी होत्या. उसाच्या चार सऱ्या वाढाव्यात म्हणून आबांनीच त्या तोडल्या होत्या. मी तेव्हा लहान होतो. फांद्या ओढायला मीही होतो.

आबांनी काही न बोलता ग्लास तोंडाला लावला आणि पत्तीसकट चहा पिऊन टाकला.

समोरच्या माणसाशी ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. मात्र त्या पावसाळ्याआधी त्यांनी काठाने बांबू लावला. २०१९ च्या पुरात त्यातली निम्मी बेटे गेली. उरलेली अजून आहेत.