चेंडू सुटला म्हणून माणूस बसवायचा का?



हा लेख खेळावर आहे म्हणून पान उलटू नका. आपल्या चळवळीतल्या पोरांना खेळ म्हटलं की रिकामटेकड्यांचा धंदा वाटतो. पण बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या प्रश्नाशी आपलं नातं सांगितलं, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती १९६६ च्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्या नात्याची दोरी धरून वाचत गेलो तर मला काळे कवी भेटले, काळे पुढारी भेटले, आणि मग काळे फुटबॉलवाले भेटले. मी सूतगिरणीत कामाला. रात्रपाळी सुटली की झोप येईस्तोवर मोबाईलवर वाचतो. कॉलेज बघितलं नाही. जे काय इंग्रजी येतं ते डिक्शनरीच्या जिवावर.

आधी खेळ सांगतो. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो छातीशी धरून पळायचं नायतर पुढच्या गड्याकडं फेकायचा. अकरा इकडं, अकरा तिकडं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. पण मधेच चेंडू हातातून सुटला आणि समोरच्यानं उचलला, किंवा फेकलेला चेंडू समोरच्यानं वरच्यावर झेलला, तर चेंडू त्यांचा झाला. ह्याला म्हणतात टर्नओव्हर. असा चेंडू घालवला की काही कोच त्या गड्याला लगेच बाहेर काढून बाकावर बसवतात. असं बसवावं का बसवू नये, यावर तिकडं वर्षानुवर्षं भांडण चालू आहे.

कोचची बाजू खोटी नाही. जो संघ जास्त चेंडू घालवतो तो बहुतेक वेळा हरतो. पन्नास जणांच्या मेहनतीवर एकाच्या ढिल्या हातानं पाणी पडतं. बाकी गडी बघत असतात, की ह्याला शिक्षा होते का नाही. शिवाय बाकावर दुसरा कुणीतरी संधीची वाट बघतच बसलेला असतो, त्याचं काय? हे सगळं खरं. आपण कामगार माणसं, शिस्तीला नावं ठेवत नाही.

पण चेंडू सुटतो कसा ते बघा. अंगावर दोनचार धिप्पाड गडी येऊन आदळतात, एक जण मुद्दाम चेंडूवर बुक्की मारतो. निमुळता चेंडू जमिनीवर पडला की कुठं उसळेल ते त्या चेंडूलाही ठाऊक नसतं. तो आपल्यानं उचलला तर कुणी काय बोलत नाही, समोरच्यानं उचलला तर गुन्हा. चूक एकच, नशीब दोन. आणि ज्याला बाकाची भीती वाटते तो गडी पळत नाही, चेंडूला मिठी मारून खाली बसतो. फेकणारा फेकतच नाही. मग भीतीनंच सामना जातो.

एकाच कोचच्या दोन गोष्टी सांगतो. टॉम कॉफलिन, न्यूयॉर्क जायंट्स संघाचा कोच, करड्या शिस्तीचा. तो २००४ साली आला तेव्हा संघात टिकी बार्बर होता. चेंडू घेऊन पळण्यात पटाईत, पण २००३ च्या हंगामात त्याच्या हातून नऊ वेळा चेंडू सुटलेला. त्याला शिकवलं. चेंडू वर, छातीशी, घट्ट कसा आवळायचा ते नव्यानं शिकवलं. २००५ साली तो १,८६० यार्ड पळाला आणि चेंडू सुटला एकदा. दुसरी गोष्ट डेव्हिड विल्सनची. नवं पोरगं. ५ सप्टेंबर २०१२ चा त्याचा पहिला सामना, दुसऱ्याच धावेत चेंडू सुटला. त्या रात्री पळायला त्याच्या हातात पुन्हा चेंडू दिला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात त्यानं एकाच सामन्यात सगळे मिळून ३२७ यार्ड काढले, म्हणजे अंगात धमक होती. २०१३ च्या पहिल्या सामन्यात दोनदा सुटला, पुन्हा बाक. पुढं मानेच्या दुखापतीनं २०१४ मधे त्याचा खेळच संपला.

कोच तोच. दोघंही काळेच. पण एक नाव कमावलेला, दुसरा नवा. नाव कमावलेल्याला शिकवणी मिळाली, नव्याला बाक मिळाला. खरं तर शिकवायची गरज नव्याला जास्त.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडं येतो. ह्या खेळात क्वार्टरबॅक नावाची एक जागा आहे. डाव तो चालवतो, चेंडू तो फेकतो, मैदानावर हुकूम त्याचा. आज ह्या खेळातले निम्म्याहून जास्त व्यावसायिक खेळाडू काळे आहेत. पण कित्येक वर्षं ही जागा गोऱ्यांची म्हणून राखलेली होती. काळा पळेल, झेलेल, अंगावर मार घेईल, पण डोक्याचं काम त्याला जमायचं नाही, असा समज. मार्लिन ब्रिस्को नावाच्या काळ्या पोरानं १९६८ साली डेन्व्हरकडून ह्या जागेवर खेळताना, पहिल्याच हंगामात, १४ गोल करून देणाऱ्या फेकी केल्या. पुढच्या वर्षी त्याला ती जागा दिली नाही. दुसऱ्या संघात जाऊन तो चेंडू झेलणारा झाला.

हे वाचताना मला आपल्या मुंबईच्या गिरण्या आठवल्या. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, आपल्या माणसाला घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा, म्हणजे विटाळाचा प्रश्न! पगार साळखात्यात जास्त, म्हणून आपला माणूस कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं लावून धरला. कुणाची साळ, कुणाचा क्वार्टरबॅक. बंद दरवाजा सगळीकडं सारखाच दिसतो.

तर जो गिलियमचं ऐका. टेनेसीच्या काळ्यांच्या विद्यापीठात शिकलेला. संघ पिट्सबर्ग स्टीलर्स. पोलाद कारखान्यांचं गाव ते, नावच पोलादावरून. १९७४ साली कोच चक नोलनं तीन क्वार्टरबॅकमधून त्याला निवडलं. नोलला त्याचं श्रेय दिलं पाहिजे, त्या काळात असं करणारे थोडे होते. पहिला सामना ३०-० नं जिंकला. पण टपालानं शिव्या आल्या, जिवे मारायच्या धमक्या आल्या. सहा सामन्यांत चार जिंकले, एक बरोबरीत, एक हरला. हरला त्यात दोन चेंडू समोरच्यांनी झेलले. हंगामात एकूण चार गोलफेकी आणि आठ चेंडू घातलेले. कोचचं म्हणणं, आखलेला डाव बदलून हा मनानं फेकत बसतो. त्याला बसवला. त्या जागी टेरी ब्रॅडशॉ हा गोरा आला. त्याचेही त्या हंगामात आठच चेंडू गेले. मधे एका सामन्यात ब्रॅडशॉलाही बसवलं, पण परत बोलावलं. गिलियमला ती जागा त्या हंगामात परत मिळाली नाही.

आता ब्रॅडशॉचा जुना हिशोब काढा. १९७० साली, पहिल्या वर्षी, त्याच्या २४ फेकी समोरच्यांनी झेलल्या. दुसऱ्या वर्षी २२. तरी तो टिकला, टिकवला गेला. आणि टिकवलं ते बरोबरच होतं, कारण पुढं त्यानं चार वेळा अजिंक्यपद मिळवून दिलं. माझी तक्रार ब्रॅडशॉवर नाही. शेहेचाळीस चेंडू घालवूनही माणूस शिकू शकतो, याचा तो जिवंत पुरावा आहे. माझा सवाल एवढाच, की जे शेहेचाळीसला मिळालं ते आठाला का मिळालं नाही?

गिलियम १९७५ नंतर स्टीलर्समधून गेला. नशेत बुडाला, काही काळ पुलाखाली राहिला, अजिंक्यपदाच्या अंगठ्या गहाण टाकल्या. २५ डिसेंबर २००० ला मेला, पन्नाशी गाठायला चार दिवस कमी. हे सगळं बाकामुळं झालं असं मी म्हणणार नाही. माणसाच्या आयुष्याचं एवढं सोपं गणित मांडायचं नसतं. पण खाली पडणाऱ्याच्या खाली गादी नसली की पडणं किती खोल जातं ते दिसतं.

हे दूरदेशीचं वाटत असेल तर माझ्या खात्यात या. एक बदली पोरगा होता. रिंग फ्रेमवर धागे तुटायला लागले, रुळाला कापूस गुंडाळला, मशीन थांबलं. सुपरवायझर बोलला, ‘उद्यापासून येऊ नको.’ त्या पाळीला कापूसच खराब आला होता, अख्ख्या खात्याला ठाऊक. त्याच आठवड्यात शेजारच्या मशीनवर डिट्टो तसंच झालं. तो कायम कामगार, वर ओळखपाळख. त्याला सुपरवायझर काय बोलला? ‘होतं असं कधीकधी.’

‘होतं असं’ हे दोन शब्द कुणाच्या वाट्याला येतात ते बघत जा. सगळी व्यवस्था त्या दोन शब्दांत सापडते. त्यांची चूक त्या दिवसाची असते. आपली चूक जातीची असते. त्यांच्या हातून चेंडू सुटला तर हात घामेजला होता. आपल्या हातून सुटला तर ‘ह्या लोकांना जमायचंच नाही.’ ब्रिस्कोनं चूक करायचीही वाट बघितली नाही त्यांनी!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सुटलेल्या चेंडूसाठी गड्याला तिथंच बसवू नये. आधी विचारावं चेंडू का सुटला. धरायचं कसब कच्चं असेल तर शिकवावं. कोचच्याच हुकमानं धोका पत्करला असेल तर कोचनं आपल्या अंगावर घ्यावं. नशीब फिरलं असेल तर पुढच्याच डावात पुन्हा त्याच्याच हातात चेंडू द्यावा. शिकवूनही जो ऐकतच नाही त्याला बसवा, माझी हरकत नाही. पण किती दिवस आणि काय केल्यावर परत घेणार ते सांगून बसवा. आणि मोजायची फूटपट्टी जुन्याला-नव्याला, गोऱ्याला-काळ्याला एकच ठेवा.

असं होऊ शकतं. १२ फेब्रुवारी २०२३ ला अजिंक्यपदाच्या सामन्यात पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक काळे होते. त्यातला जेलन हर्ट्स, फिलाडेल्फियाचा. कुणी हात न लावता त्याच्या हातून चेंडू निसटला, समोरच्यानं उचलून थेट गोल केला. जगासमोर एवढी फजिती! कोचनं त्याला काढला नाही. त्यानंतर हर्ट्सनं स्वतः पळत जाऊन आणखी दोन गोल केले, पहिला धरून तीन. सामना ३८-३५ नं गेला. पण ९ फेब्रुवारी २०२५ ला त्याच संघाला, त्याच हर्ट्सनं, ४०-२२ नं जिंकवलं आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ब्रिस्को आणि गिलियम यांच्या वाट्याला जे आलं नाही ते ह्याच्या वाट्याला आलं. ते कुणी दान दिलं नाही. मागच्या पिढ्यांनी बाकावर बसून त्याची किंमत मोजली.

आता शेवटचं, आपल्या घरातलं. कोच फक्त अमेरिकेत नसतो. आपल्या मंडळातसुद्धा असतो. गेल्या जयंतीला आमच्या वस्तीतली एक अकरावीतली पोरगी भाषणाला उभी राहिली. समोर गर्दी बघून मधेच आठवेना झालं. दोन मिनिटं गप्प उभी राहिली आणि खाली उतरली. यंदाच्या यादीत तिचं नाव नाही. ‘तिला जमत नाही,’ कार्यकर्ते म्हणाले. आणि आमचे एक ज्येष्ठ दरवर्षी चवदार तळ्याची तारीख चुकवतात. त्यांना हार घालून पुन्हा माईक देतो आपण. होतं असं!

ज्यांनी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या बाहेर बसवलं त्यांची फूटपट्टी आपल्या हातात कशी आली? कार्यकर्त्यांनो, यादी अजून छापायची आहे. त्या पोरीच्या घरी जा, भाषण तिच्याकडून चार वेळा म्हणवून घ्या, आणि यादीत तिचं नाव पहिलं लिहा.

जयभीम.