वाफे वाटू नकोस

धुळे

चि. माई,


तुझा निरोप वाचला आणि रात्री झोप लागेना. कॉलनीतल्या ओपन स्पेसवर भाजी लावायला अकरा घरं एकत्र आली, याचा केवढा आनंद झाला! पण पुढच्याच ओळीत लिहिलंस, ‘भांडण नको म्हणून दोन-दोन वाफे वाटून टाकले.’ पांझरेकाठच्या आईची लेक ना तू? विचारलंस बियाण्याचं, पण मी आधी जमिनीचं सांगणार आहे.

आजोबांच्या तोंडचा फड विसरलीस? नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या शेतीचे तीन-चार फड. पांझरेकाठच्या गावांनी ही पद्धत शतकानुशतकं स्वतः चालवली. जमीन ज्याची त्याच्या नावावर; पण एका फडात एकच पीक, आणि ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. एका पिकाला पाणी एकाच वेळी लागतं. पाणी सोडणारा पाटकरी ओळीने भरत गेला की कुणाचं करपत नाही, कुणाचं सडत नाही. पाणी कमी असलं तर अख्खा फड पडीक ठेवायचा. प्रत्येक फडात बहुतेकांची जमीन, म्हणून तोटाही सगळ्यांचा. पाटातला गाळ काढायलाही सगळ्यांनीच यायचं. पुढे नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचं पाणी त्याच्यापाशी आलं आणि फड विस्कटत गेले. आजोबांना तेच लागून राहिलं होतं.

वाटलेल्या वाफ्यांचं काय होतं ते सांगतो. एकीची मेथी, शेजारणीची मिरची, तिसरीचा गिलक्याचा वेल दोघींवर चढलेला. वांग्यावर शेंडा पोखरणारी अळी आली की एकजण किडलेले शेंडे खुडून टाकतो, दुसरा औषध फवारतो, तिसरा बघतही नाही. अळीला काय, वाफ्यांची हद्द कळते? दोन घरं कंटाळली की त्यांच्या वाफ्यांत गाजर गवत. म्हणून जमीन वाटू नका, कामं वाटा. जागेचे चार भाग करा. एकात वांगी-मिरची, दुसऱ्यात चवळी-गवार, तिसऱ्यात पालेभाज्या, चौथ्यात वेल. पुढच्या वर्षी जागा पालटा. वांग्यामागे वांगं लावायचं नाही.

आणि ती जागा अकरा घरांची नाही गं. साधारण चाळीस गुंठ्यांच्या वरचा लेआउट असला की दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, ती सगळ्या रहिवाशांसाठी. मागच्या गल्लीतल्या भाडेकरूंना विचारलंस का? त्यांच्यातल्या निम्म्या बायका शेतातून आलेल्या. खुरपं धरायला त्या तुम्हाला शिकवतील. सगळ्यांचं ते सगळ्यांनी राखायचं, हे तू पाहिलंयस; बारीपाड्याला जाऊन आल्यावर महिनाभर तू दुसरं काही बोलत नव्हतीस. तिथलं जंगल लोकांनी तोडून वाटून घेतलं असतं तर आज कुठल्या वनभाज्या आणि कुठली त्यांची स्पर्धा? जंगल राखायचे नियम गावाने केले, दंडही गावानेच ठरवला. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पहिला फोन तुझाच होता.

आता बियाणं. आपल्याकडचं भरीताचं वांगंच लावा. जळगावच्या त्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. जूनमध्ये रोप टाका, पाच-सहा आठवड्यांनी लावणी करा. थंडीत सगळ्या कॉलनीचं एकच भरीत होऊ दे, पऱ्हाटीवर भाजलेलं.

पण माई, माझा जीव अडकलाय तो पाण्यात. तुमचा नळ रोज येत नाही. बोअर कुणाच्या दारात आहे, वीजबिल कोण भरणार? टंचाईत कुणी गटारीचं पाणी भाजीला सोडलं तर लहान पोरांची पोटं बिघडतील. महापालिकेची लेखी परवानगी काढलीस का? नाहीतर उभ्या पिकावर कुणी पेव्हर ब्लॉक आणून टाकेल. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि तुम्ही सगळे गावी. तेव्हा बादली कोण उचलणार?

तर या रविवारी सगळ्यांना बसव, भाडेकरूंनाही. वाफे मोड. पाण्याच्या पाळ्या लिहून काढ, मे महिन्यासकट, आणि कागद मला पाठव. तो कागद मिळाला की बियाणं निघालंच समज, त्याआधी नाही.

तुझा,
मामा